सगळ्यांना दिलेली किसणी

मित्रांनो, मी एक जुनी किसणी आहे. तुमच्या घरी खोबऱ्यासाठी असते तशी हातातली नव्हे. मला सायकलची सीट आहे, पायडले आहेत, चेन आहे आणि पोटात दातेरी लाकडी रूळ आहे. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर, पुंता कोकाल नावाच्या गारिफुना लोकांच्या गावात, नासारिया गुइटीच्या पडवीत मी उभी असते. खाऱ्या वाऱ्याने माझी चेन गंजते. कोंबड्या माझ्या सीटवर चढून घाण करतात. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळाच आहे, आणि तो शांत झाल्यावर बोलू असे म्हटले तर मी कधीच बोलणार नाही. म्हणून आजच सांगते.

साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तुम्हाला ठाऊक असेल. इथे त्याला युका म्हणतात, आणि आमच्याकडे त्याची कडू जात लावतात. कडू युका कच्चा खाल्ला तर माणूस दगावतो, कारण त्याच्या रसात विष असते. तो सोलायचा, अगदी बारीक किसायचा, वेताच्या लांबलचक विणलेल्या पिशवीत भरून टांगायचा आणि पिळायचा. सगळा रस निथळला की कीस वाळवायचा, चाळायचा आणि मोठ्या तव्यावर त्याची पातळ, कडक भाकरी भाजायची. तिला कासाबे म्हणतात. ही भाकरी महिनोन् महिने टिकते. माशाच्या कालवणात बुडवून खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटते, असे नासारिया म्हणते. मी काही खाल्लेली नाही. पण एवढे मला पक्के ठाऊक आहे की सगळा खेळ किसण्यावर आहे. कीस जाड राहिला तर विष आतच राहते, मग पिशवी कितीही पिळा.

माझ्या जन्माआधी नासारिया तिच्या आईच्या फळीवर किसत असे. त्या फळीत बारीक टोकदार खडे ठोकलेले आहेत. गुडघ्यावर फळी टेकवायची आणि वाकून, दोन्ही हातांनी, दिवसभर कंद घासत राहायचे. पन्नाशी ओलांडली तेव्हा नासारियाचा उजवा खांदा असा धरला की तिला स्वतःचे केससुद्धा विंचरता येईनात. तेव्हा ती सायकली दुरुस्त करणाऱ्या फाउस्तोकडे गेली आणि म्हणाली, "माझे हात गेले. पाय आहेत अजून. पायांनी किसता येईल असं काहीतरी कर."

फाउस्तोने एका मोडक्या सायकलचा सांगाडा घेतला आणि महोगनीच्या ओंडक्याचा रूळ कातला. त्यावर त्याने लोखंडी दाते बसवले, पण विरळ. भराभर कीस पडू लागला आणि फाउस्तो खूश झाला. नासारियाने कीस चिमटीत धरून चोळला आणि तोंड वाकडे केले.

"हे काय, डुकराला घालायचंय?"

"अगं, केवढा वेग आहे बघ तरी!"

"वेगानं मरायचंय का मला?"

ती घरी गेली आणि आईची फळी घेऊन आली. दोन खड्यांच्या मध्ये तिने तांदळाचा एक दाणा आडवा ठेवून दाखवला. तेवढेच अंतर, त्याहून जास्त नाही.

फाउस्तो म्हणाला, "एवढे दाट दाते लावले तर पायडल जड जाईल."

"जाऊ दे. मारणारी मी आहे ना?"

अशी मी झाले. दाट दात्यांची, जड पायडलांची. पहिल्याच दिवशी नासारियाची मैत्रीण होविता सुआसो माझ्यावर बसली, थोडी पायडले मारली आणि धापा टाकत उतरली. "ही किसणी आहे की शिक्षा?" असे म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतःचा युका घेऊन परत आली. त्यानंतर गावातल्या बायका पाळीपाळीने माझ्यावर बसू लागल्या. फळीवर किसताना म्हणायची गाणी त्या माझ्यावर बसूनही म्हणत, फक्त ताल थोडा बदलला. ती माझी सुखाची वर्षे होती, मित्रांनो. माझ्या चेनला रोज तेल मिळे.

नासारियाच्या भावाची मुलगी सेलेनी ला सेइबा शहरात एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढते. सुट्टीत ती गावी आली, तिने मला सगळीकडून मोजले आणि संगणकावर माझे चित्र काढले. प्रत्येक सुटा भाग, रुळाचा घेर, दात्यांमधले अंतर, सगळे त्यात आले. जगभरचे लोक असे आराखडे एकमेकांना देतात, त्यासाठी एक संकेतस्थळ होते. त्यावर माझी फाईल चढवायला ती पडवीत बसली आणि मध्येच थांबली.

"आत्या, हे विचारतायत की लोकांनी आपल्या आराखड्याचं काय करायचं. तीन पर्याय आहेत. पहिल्यात काहीच अट नाही. आपण सगळे हक्क सोडले, आराखडा सगळ्या जगाचा. दुसऱ्यात, जो वापरेल त्यानं आपलं नाव द्यायचं. तिसऱ्यात नाव तर द्यायचंच, शिवाय त्यात बदल करून कुणी नवा आराखडा वाटला, तर तोही असाच उघडा ठेवायचा. दाबून ठेवायचा नाही."

"तिसरा टाक," होविता लगेच म्हणाली. "लोकांना मी ओळखते."

"तू माशाच्या डोक्यालासुद्धा कुलूप लावशील," नासारिया म्हणाली. "दात्यांचं अंतर माझ्या आईच्या फळीतलं. तिला ते तिच्या आईनं दिलं. त्यावर अट घालणारी मी कोण?"

"अंतर जुनंच आहे, आत्या. त्यावर कुणाचाच हक्क नाही, तुझाही नाही. पण हा आराखडा मी आणि तू मिळून केलाय. त्याला अट घालता येते. आणि एक सांगते, पहिला पर्याय घेतला तर पुन्हा मागे फिरता येत नाही. सोडलं ते सोडलं."

"दिलेलं परत मागायची आपल्या घरात रीत आहे का? पहिला टाक."

होविताने कपाळाला हात लावला. सेलेनीने पहिला पर्याय निवडला.

मला त्या वेळी फार अभिमान वाटला. मी सगळ्या जगाची झाले! आणि सुरुवातीला जग चांगले वागलेही. गयानामधून एका शाळेने फोटो पाठवला. कांगोमधल्या एका गावातून आला. तिथल्या माझ्या बहिणीला मोटारसायकलची चेन होती आणि तिच्यावर एक आजोबा ऐटीत बसले होते. सेलेनी ते फोटो मोबाईलवर दाखवी आणि नासारिया प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी, "दाते दाट आहेत ना?" होविताही फोटो बघायला सगळ्यांच्या पुढे असे. तिने कुलपाचा विषय काढणे सोडून दिले.

मग मेम्ब्रेन्यो नावाचे इंजिनिअर आले. शेतीची अवजारे करणाऱ्या एका कंपनीत ते होते. माणूस गोड बोलणारा. त्यांनी कासाबे खाल्ली, नासारियाच्या हाताची तारीफ केली, माझ्यावर बसून पायडल मारून पाहिले. जाताना म्हणाले, "नासारियाबाई, तुमचा या किसणीजवळ एक फोटो काढू का? आठवण म्हणून."

"काढा की. पण पुढचा दात पडलाय, तो दिसू देऊ नका," असे म्हणून हातात कडू युका धरलेली नासारिया मोठ्याने हसली. त्यांनी नेमका त्याच वेळी फोटो काढला.

त्यानंतर बरेच महिने काही झाले नाही. मग एका सकाळी शेजारच्या गावची पेत्रोना नोरालेस पडवीत आली. तिच्या हातात लाल रंगाचे एक पत्र्याचे झाकण होते. तिने ते नासारियाच्या पायांपाशी आपटले.

"हा तुझाच चेहरा ना?"

झाकणावर नासारिया हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत छापले होते, 'नासारिया: आजीच्या हातची किसणी'. चित्रातल्या हसण्यात एकही दात कमी नव्हता. संगणकावर त्यांनी तो भरून काढला होता.

"कुठून आणलंस हे?" नासारियाने विचारले.

"दुकानातून आणलंय! तुझं तोंड बघून आणलंय! मी म्हटलं, नासारियाचं यंत्र आहे, डोळे मिटून घ्यावं. आणि माझी पोरगी दवाखान्यात पडलीय. ओकून ओकून डोळे पांढरे केले तिनं. पायात जीव नाही तिच्या. डॉक्टर म्हणतात, युका बाधला. माझ्या हातचा युका! मी जन्मभर कासाबे करतेय, कधी कुणाच्या पोटात दुखलं नाही!"

नासारिया खाली बसली. तिने विचारले, "कीस कसा पडतो?"

"जाड पडतो. मला वाटलं, मोटारवर चालतं म्हणून असेल. वाटलं, तू केलंयस म्हणजे तुला ठाऊक असेल!"

पेत्रोना रडत होती आणि शिव्याही देत होती. होविताने तिला पाणी दिले. पेत्रोनाने ते घेतले नाही. "मुलगी वाचली तर तिच्या नशिबानं," असे म्हणून ती निघून गेली. मुलगी वाचली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. पण नंतर कितीतरी दिवस तिला धरून चालवावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी फाउस्तो जाऊन लाल यंत्र पाहून आला. विजेची मोटार, वर झाकण, आत माझाच रूळ. लांबी तीच, दांडा तोच, खाचा त्याच. फक्त दाते विरळ केलेले, जास्त कीस पडावा म्हणून. नासारियाला त्यांनी नसलेला दात दिला आणि माझे असलेले काढून घेतले. तुम्हीच सांगा, मला राग येऊ नये?

सेलेनीला फोन केला तेव्हा अजून एक गोष्ट कळली. संकेतस्थळावरून माझी फाईलच गायब होती. कंपनीने तक्रार केली होती की हा आराखडा त्यांच्या मालकीचा आहे, त्यांनी 'सर्व हक्क राखीव' असे छापले आहे, आणि कुणीतरी तो चोरून फुकट वाटत आहे. चोरून! ज्या बाईने तो जगाला दिला, तिला त्यांनी चोर ठरवले. खरा दाट दात्यांचा आराखडा दिसेनासा झाला आणि विष सोडणारा तेवढा दुकानात उरला.

सेलेनी पहिल्या बसने आली. नासारिया तिच्यावरच ओरडली. "परत घे सगळं! आत्ताच्या आत्ता लिही त्यांना, की मी दिलेलं नाही म्हणून!"

"नाही घेता येत, आत्या."

"माझ्या आईची फळी आहे ती!"

"मी सांगितलं होतं तुला. हक्क सोडलेत आपण. आता त्यांनी आराखडा घेतला, मोटार लावली, विकला, तरी त्यात आपण काही बोलू शकत नाही."

"मग शिकून उपयोग काय तुझ्या?"

सेलेनीच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, आता होविता 'मी सांगत होते' म्हणेल. ती म्हणाली नाही. तिने लाल झाकण उचलले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सेलेनी, तू फाईल चढवलीस तेव्हा तिच्यात हिचं थोबाड होतं का गं?"

"नाही. फक्त यंत्र."

"आणि नाव?"

सेलेनीने डोळे पुसले. "नाव होतं, पण आराखडा काढणाऱ्यांचं म्हणून. यंत्राला ते नाव द्या असं नव्हतं." ती ताडकन उठली. "आराखडा दिला म्हणजे माणूस दिलं असं होत नाही, आत्या! तुझा चेहरा, तुझं नाव, यातलं काहीच आपण सोडलेलं नाही. आणि जे सगळ्यांचं झालं, ते एकट्याचं म्हणून कुणाला सांगता येत नाही. ती तक्रारच खोटी आहे."

फाउस्तोच्या गाडीत मला दोरांनी बांधले आणि सगळे कंपनीच्या गोदामावर गेले. दारातच रांगेने लाल यंत्रे उभी होती. प्रत्येकावर नासारिया हसत होती. खरी नासारिया त्या रांगेसमोरून चालत गेली तेव्हा गोदामातले हमाल काम थांबवून एकदा तिच्याकडे आणि एकदा झाकणांकडे बघू लागले.

मेम्ब्रेन्यो बाहेर आले. आवाज अजून गोडच होता. "बाई, रागावू नका. तुम्हीच तर जगाला दिलंत. आम्हीही जगातच राहतो ना?"

"राहता खरे," होविता म्हणाली, "पण उंदरासारखे."

"आराखडा घेतलात, त्याबद्दल आम्ही भांडणार नाही," सेलेनी म्हणाली. "पण हा फोटो कुठल्या फाईलमध्ये होता?"

"त्यांनी स्वतः काढू दिला."

"आठवण म्हणून," नासारिया म्हणाली. "तुम्ही आठवण म्हणून मागितलात. माझ्या अंगणात बसून, माझी भाकरी खाऊन. दाते का विरळ केलेत?"

"तासाला कीस जास्त पडतो. गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. आणि पुस्तिकेत लिहिलंय बाई, फक्त गोड युकासाठी वापरावे."

"झाकणावर मी कडू युका किसतेय! तुमच्या त्या फोटोत माझ्या हातात कडू युका आहे! बायकांनी पुस्तिका वाचायची की माझं तोंड बघायचं?"

मेम्ब्रेन्यो आत गेले आणि एक माणूस येऊन म्हणाला की साहेब कामात आहेत. नासारिया तिथेच माझ्या सीटवर बसली आणि गोदाम बंद होईपर्यंत उठली नाही.

पुढे गारिफुना बायकांच्या संघटनेची वकील मदतीला आली, चकरा झाल्या, तारखा झाल्या. अखेर कंपनीने चेहरा आणि नाव काढले. तक्रारही मागे घेतली आणि माझी फाईल पुन्हा दिसू लागली. सगळ्यांनी नासारियाचे अभिनंदन केले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. पण लाल यंत्र अजून दुकानात आहे, मित्रांनो. आता त्याचे नाव 'पेर्ला' आहे आणि दाते विरळच आहेत. विकलेली यंत्रे कुणी परत मागवली नाहीत. चेहरा कुणाचा, नाव कुणाचे, यावर एवढा काथ्याकूट झाला, पण पेत्रोनाच्या मुलीबद्दल त्यांना कुणी जाब विचारला नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि कुणी 'झालं गेलं विसर' असे म्हणू नये.

नासारियाने मात्र एक केले. तिने मला नवे झाकण आणि बोटे आत जाऊ नयेत अशी जाळी बसवून घेतली. सेलेनीने त्याचा नवा आराखडा काढला. दात्यांचे अंतर पहिल्याच पानावर लिहिले, आणि ते वाढवले तर काय होते तेही लिहिले. या वेळी तिने विचारण्याआधीच नासारिया म्हणाली, "तिसरा."

"जुना तसाच मोकळा राहणार, आत्या. ही अट फक्त नव्या आराखड्याला."

"राहू दे. कांगोतल्या त्या म्हाताऱ्याकडून मला काही नकोय."

मग एके दिवशी तिने माझा रूळ पोटातून काढला, पोत्यात गुंडाळला आणि फाउस्तोला घेऊन पेत्रोनाच्या घरी गेली. पेत्रोनाने दार उघडले पण आत या म्हटले नाही. लाल यंत्र अंगणात, पावसात पडले होते. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती की खोलल्यास हमी रद्द होईल. फाउस्तोने ते खोलले आणि विरळ दात्यांचा रूळ बाहेर फेकला. त्यांनी माझी नक्कल इतकी तंतोतंत केली होती की माझा रूळ त्या खाचांत पहिल्याच झटक्याला बसला.

नासारियाने युका किसला. पेत्रोना दुरून बघत होती. शेवटी पुढे येऊन तिने कीस चिमटीत धरला आणि चोळला. मग घरातून वेताची पिशवी आणली. रस निथळला, कीस वाळला, आणि कासाबे भाजायला नासारिया दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेली. तव्यावरची पहिली भाकरी मोडून एक तुकडा तिने स्वतः खाल्ला. दुसरा तुकडा पेत्रोनापुढे धरला.

पेत्रोनाने तो हातात घेतला, पण खाल्ला नाही. मुलगी दारात भिंतीला धरून उभी होती. तिच्याकडे बघत पेत्रोनाने तुकडा फडक्यात बांधला.

"बघते," एवढेच ती म्हणाली.

नासारियाने मान हलवली. तिने आग्रह केला नाही आणि माझा रूळही परत मागितला नाही. फाउस्तोने माझ्यासाठी नवा कातला.

मित्रांनो, तुम्ही उद्या काहीतरी बनवाल आणि ते लोकांना द्याल. जरूर द्या. पण देताना ती अटींची चौकट आली की नुसते मन मोठे करून पुढे जाऊ नका. थांबा, वाचा, काय सोडता आणि काय ठेवता ते नीट ठरवा. आणि घेणारे तुम्ही असाल तर खुशाल घ्या, मोटार लावा, रंग द्या. फक्त दाते बदललेत तर तसे वरच लिहा, चेहऱ्याच्या जागी लिहा, ज्यांच्या ताटात ते जाणार आहे त्यांना दुरून वाचता येईल एवढे मोठे लिहा.